माळ्यावरची खुर्ची

अकोला
रविवार, रात्रीचे साडेनऊ

प्रिय सोनू,

अनेक आशीर्वाद.

फोनवर मी जे बोललो ते बोलायला नको होतं, असं तुझ्या आईचं म्हणणं आहे. तू नोकरी सोडून डिझाइन शिकायचं म्हणालीस आणि मी म्हणालो, "खुर्च्याच करायच्या होत्या तर चार वर्षं इंजिनिअरिंगची फी कशाला भरली, दहावीनंतरच हातात रंधा दिला असता." वाक्य तसं चुकीचं नाही. आवाज चुकला. तू काही न बोलता फोन ठेवलास आणि दहा मिनिटांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक नाव पाठवलंस: सत्येंद्र पाखले. त्याखाली एकच शब्द, "वाशिमचे."

वाशिम म्हटल्यावर बाबा वाचल्याशिवाय राहणार नाहीत, हे तुला पक्कं ठाऊक होतं. तिथल्या दोन शाळांची बाकं आपल्या वर्कशॉपमधून गेली आहेत, एका वाड्याचा दरवाजा तुझ्या आजोबांनी केलेला आहे. वाशिमचा माणूस हॉलंडमध्ये बसून खुर्च्या करतो आणि त्या म्युझियममध्ये ठेवतात, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. गेले आठ-दहा दिवस दुकान बंद केल्यावर तुझ्या चुलतभावाला शेजारी बसवून मी वाचतोय, फोटो मोठे करून बघतोय. इंग्रजी तो वाचतो, फोटो मी वाचतो. जे समजलं ते आणि जे पटलं नाही ते, दोन्ही लिहितो. फोनवर मला नीट बोलता येत नाही, तू बघितलंसच.

ते जन्मले १९६७ साली. तेव्हा वाशिम आपल्याच अकोला जिल्ह्यात होतं. १९९८ ला वेगळा जिल्हा झाला, आणि त्याच वर्षी पाखल्यांनी ॲमस्टरडॅममध्ये स्वतःचा स्टुडिओ काढला. योगायोगच, पण मला मजा वाटली. त्याआधीचा रस्ता तुझ्यासारखाच निघाला. नागपूरला इंजिनिअरिंग, आता ज्याला व्हीएनआयटी म्हणतात तिथे. मग मुंबईला आयआयटीच्या आयडीसीत डिझाइन. तू जिथे जायचं म्हणतेस तेच. मग स्वित्झर्लंडमध्ये आर्ट सेंटर कॉलेजच्या युरोपातल्या शाखेत आणखी शिक्षण, जर्मनीत फ्रॉग डिझाइनमध्ये काम, नंतर हॉलंडला फिलिप्समध्ये. तिथे असताना रेनो कंपनीच्या पॅन्जिया नावाच्या प्रयोगाच्या गाडीवर त्यांनी काम केलं. म्हणजे गाडीवाला माणूस खुर्चीकडे आला. पुण्यात गाड्यांचे पार्ट काढणाऱ्या तुला यात काय दिसलं असेल ते मला कळतं.

फिलिप्ससारखी नोकरी एकतिसाव्या वर्षी सोडली. हे वाचून मी चष्मा काढून ठेवला आणि आईला चहा टाकायला सांगितलं.

आता त्या घोड्याच्या खुर्चीबद्दल. इंग्रजीत 'बी. एम. हॉर्स चेअर'. बी. एम. म्हणजे काय, यावर आमचा अर्धा तास गेला. शेवटी सापडलं, बेल मेटल. म्हणजे कासं! तुझी पणजी उन्हाळ्यात तळपायाला तूप लावून ज्या वाटीने घासायची ती काशाची वाटी. तांबं आणि कथील, साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील. घंटा ज्याची ओततात तो धातू. वाटी आणि घंटा मला माहीत होत्या, काशाची खुर्ची ऐकली नव्हती.

फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा, खरं सांगतो, मला हसू आलं. म्हटलं ही खुर्ची कसली, हा तर आपला तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल, पोरं ओढतात तो. चार जाड पाय, भरलेलं अंग, आणि बसायचं ते त्याच्या पाठीवर. तुला आठवतं ना, पोळ्याआधी आपण दोन महिने बैलच करायचो? सागाच्या तुकड्यांचे लहान, बाभळीचा एखादा मोठा, खाली चाकं. तू पाच वर्षांची असताना एका बैलाला तीनच चाकं लावलीस आणि "तो लंगडतोय, त्याला बरं नाही" म्हणालीस. तो विकला गेला नाही, कपाटावर आहे अजून. तर घोडा म्हटला तरी मला बैलच दिसला. पाखल्यांच्या मनात काय होतं ते त्यांना ठाऊक. पण आपल्याकडच्या माणसाला त्या आकारात घरचं काहीतरी दिसतं, एवढं नक्की.

मग ती कशी केली ते वाचलं आणि हसू गेलं.

मेण वितळवून केलेलं ओतकाम. ढोकरा म्हणतात ते. मोहेंजोदडोची नर्तकी, जेमतेम साडेदहा सेंटिमीटरची, तीही याच रीतीने ओतलेली, म्हणजे साडेचार हजार वर्षं जुनी रीत. मी ती रीत एकदा डोळ्यांनी बघितली आहे. नागपूरला हस्तकलेच्या मेळ्यात आपला पाळण्यांचा स्टॉल होता त्या वर्षी. शेजारी बस्तरचा, कोंडागावकडचा एक कारागीर बसला होता. तीन दिवस मी माझा स्टॉल तुझ्या काकावर टाकून त्याच्याजवळ बसलो. आधी मातीचा गाभा, त्यावर बारीक मातीचा हात. मग मेणात राळ मिसळून, लाकडी पिचकारीसारख्या यंत्रातून दाबून त्याचे दोरे काढायचे, शेवयांसारखे. ते दोरे गाभ्यावर एकाला एक लागून गुंडाळत जायचं. त्याचा अंगठा एवढा हलका चालायचा की मेणावर ठसा उमटत नव्हता. मी एकदा करून बघितलं तर दोरा चपटा झाला, त्याने तो काढून टाकला आणि काहीच बोलला नाही. मेणाच्या वर परत बारीक माती, मग वारुळाची माती आणि भाताचा कोंडा मिसळून जाड थर. शेवटी भट्टी. मेण जातं, त्याची जागा रिकामी राहते, त्या जागेत धातू शिरतो. गार झालं की माती फोडायची. एक साचा, एक वस्तू. बिघडलं तर पहिल्या गाभ्यापासून परत.

त्याच्याकडच्या वस्तू वीतभर, फार तर हातभर. दिवे, घोडे, हत्ती. मी विचारलं होतं, मोठं का करत नाही? तो म्हणाला, धातू पोहोचायच्या आधीच थिजतो. आणि पाखल्यांनी याच रीतीने माणूस बसेल एवढी अख्खी खुर्ची ओतायचं ठरवलं, अशी की कुठे जोड नाही, वेल्डिंग नाही. जे काम हातभर वस्तूसाठी पिढ्यान्‌पिढ्या बसलेलं आहे, ते एवढं मोठं करायचं म्हणजे मातीही बदलते, धातू जायच्या वाटाही बदलतात, भट्टीही बदलते. पहिल्या विचारापासून २००७ साली ती पूर्ण खुर्ची उभी राहीपर्यंत वर्षं गेली. एक कागद काढून "असं करा" म्हणून निघून येण्याचं हे कामच नव्हे. कारागिराच्या भट्टीशी बसावं लागतं, फुटलेले साचे बघावे लागतात, परत जावं लागतं.

इथे मी अडकलो, सोनू. आणि फोनवर मी का भडकलो ते मला इथे कळलं.

पैशाचं तुला वाटलं असेल. पगार सोडून परत शिकायला जाणार, याचा मला राग आला असं. तो थोडा आलाच. पण खरं कारण दुसरं आहे. माळ्यावर एक खुर्ची आहे, पोत्याखाली. तू बघितली असशील, कधी विचारलं नाहीस. आठ वर्षांपूर्वी एक इंटिरिअरवाले साहेब आले होते. शहरातले, बोलायला गोड. मोबाइलवर परदेशी खुर्चीचा फोटो दाखवला, मागचे पाय खाली धनुष्यासारखे वळलेले, बारीक. म्हणाले, हीच, अशीच, सागात, सहा नग. ते दारातच उभे होते, आत यायला बुटांना भुसा लागेल म्हणून. मला त्याच क्षणी दिसलं होतं. सरळ फळीतून तसा वाकडा पाय कापला की वळणावर लाकडाची रेघ आडवी पडते. सागाचे तंतू पायाच्या लांबीने जायला हवेत, तिथे ते मधेच संपतात. जाडीही त्यांनी मागितली ती फक्त सात सूत, इंचभरही नाही. माणूस मागे रेलला की तिथेच जाणार.

मी ते बोललो नाही. का नाही बोललो? त्यांनी विचारलं नाही म्हणून, आणि सहा नगांची ऑर्डर होती म्हणून. फोटोसारख्या सहा खुर्च्या केल्या, पॉलिश मारलं, पोहोचवल्या. चार महिन्यांत दोन तुटल्या, दोन्ही त्याच जागी. साहेबांचा फोन आला, लाकूड कच्चं वापरलंत. उरलेले पैसे आलेच नाहीत. एक तुटकी खुर्ची मी परत मागून आणली आणि माळ्यावर टाकली. त्या दिवसापासून डिझायनर हा शब्द माझ्या कानाला बरा वाटत नाही. आणि तू म्हणालीस, बाबा, मला डिझायनर व्हायचंय. माझ्या डोळ्यांपुढे तू दारात उभी राहिलीस, मोबाइल घेऊन, भुशात पाय न टाकता.

हे तुझ्यावर अन्यायाचं आहे, मला कळतं. तू तर त्याच भुशात रांगलेली आहेस.

पाखल्यांच्या बाकीच्या कामांतली दोन-तीन मला आवडली, बाकीची डोक्यावरून गेली. कांगेरी नावाचा एक हीटर आहे, इटलीतल्या ट्युब्स कंपनीसाठी केलेला. काश्मिरात लोक फेरनच्या, म्हणजे लांब झग्याच्या, आत निखाऱ्यांची कांगडी घेऊन फिरतात, त्यावरून. अख्खी खोली तापवत बसण्यापेक्षा ऊब माणसाबरोबर हिंडली पाहिजे, ही अक्कल काश्मिरातल्या म्हातारीला कधीपासून आहे. ती इटलीच्या कारखान्यात नेऊन विजेवर बसवणं मला फार आवडलं. त्याच कंपनीसाठी आधी २००४ च्या सुमारास 'ॲड-ऑन' नावाचा एक रेडिएटर केला होता. एकसारखे तुकडे एकमेकांना जोडत गेलं की हवा तेवढा मोठा होतो, खोलीच्या मधोमध जाळीच्या भिंतीसारखाही उभा राहतो. हीटर म्हणजे भिंतीला लटकवून लपवायची वस्तू, असं समजायची गरज नाही. आमच्याकडे गिऱ्हाईक पार्टिशन मागतं आणि हीटर वेगळा मागतं. दोन्ही एकच करता येईल हे मला सुचलं नसतं.

मोरोसो कंपनीची 'पँथर' नावाची खुर्ची बघितलीस का? तिच्यावर कुठल्याही बाजूने बसता येतं, सरळ, आडवं, रेलून. ती बघून मला आपले गिऱ्हाईक आठवले. खुर्ची सरळ बसायला असते हे फक्त पुस्तकात. माणूस तिच्यावर मांडी घालतो, एक पाय वर घेतो, हातावर उशी टाकून आडवा होतो. म्हणून मी जेवणाच्या खुर्चीची बैठक नेहमी दोन इंच रुंद धरतो, कुणी सांगो न सांगो. आपल्या लोकांना मांडी लागते. हे मला कुणी शिकवलं नाही, चाळीस वर्षं बघून कळलं. ते डिझाइन आहे असं मात्र मला कधी वाटलं नव्हतं. तुझा चुलतभाऊ म्हणाला, काका, हेच तर ते. मी त्याला म्हटलं, गप, पुढचं वाच.

मातीचीही एक खुर्ची आहे, सिरॅमिकची, 'फ्लॉवर ऑफरिंग चेअर'. तिच्यातच फुलं ठेवायची सोय आहे. देवाला वाहतो तशी. ती मला जरा जास्तच वाटली. फुलं ठेवल्यावर बसायचं कुणी? पण तुझी आई म्हणाली, सगळ्याच खुर्च्या बसायला नसतात, बाबांच्या खुर्चीवर आपण किती दिवस कुणाला बसू दिलं नाही? आजोबा गेल्यावरची गोष्ट. मग मी गप्प बसलो.

न पटलेलंही लिहितो म्हटलं होतं. ती काशाची खुर्ची मोजक्या संख्येची, गॅलरीतून जाणारी. ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियममध्ये, पॅरिसच्या पाँपिदू सेंटरमध्ये त्यांची कामं आहेत, हे अभिमानाचं आहे, वाशिमच्या माणसाला तर आहेच. पण वाशिमच्या माणसाला ती खुर्ची मिळणार नाही. आमचा धंदा उलटा. आठशे रुपयांचा पाट आणि अठराशेची खुर्ची, तीही हप्त्याने. तू शिकून गॅलरीतल्या खुर्च्या करशील की इथल्या, हे मी आत्ता विचारत नाही. पण तो प्रश्न तुझ्या डोक्यात असू दे. इटलीतल्या कापेलिनीसाठी त्यांनी 'फिश' नावाची खुर्ची केली ती कारखान्यात निघते. म्हणजे दोन्ही रस्ते त्यांनी धरले. एका हाताने ओतकाम, दुसऱ्या हाताने कारखाना. स्वतःला ते सांस्कृतिक भटक्या म्हणवतात. शब्द भारी आहे, पण अर्थ कळतो. आपल्याकडे भटके म्हटलं की घिसाडी आठवतात, गावोगावी भट्टी मांडणारे, हातातलं काम ज्यांच्या घरापेक्षा मोठं. आयंदोव्हनच्या डिझाइन अकादमीत काही वर्षं त्यांनी एक पदव्युत्तर विभाग चालवला, माणसाच्या आणि टिकाऊ जगण्याच्या डिझाइनचा. तिथे त्यांनी मुलांना काय सांगितलं असेल ते ऐकायला मला आवडलं असतं. इंग्रजीत असलं तरी.

आता व्यवहाराचं. परीक्षा जानेवारीत आहे म्हणालीस. नोकरी लगेच सोडू नकोस. डिसेंबरपर्यंत कर, रात्री अभ्यास कर, तुला जमेल, तू बारावीला रात्रीच अभ्यास करायचीस आणि दिवसा झोपायचीस. पास झालीस तर आयडीसीची दोन वर्षं. फीचं आई आणि मी बघतो, त्याबद्दल फोनवर वाद घालायचा नाही. नापास झालीस तर परत बस. मी सुतार आहे, मला दुसऱ्यांदा मोजायची सवय आहे.

चित्र काढायला आतापासून बस, असं तुझी मैत्रीण म्हणाली म्हणे. काढ. पण आठवड्यातून एक दिवस पुण्यातल्या कुठल्यातरी वर्कशॉपमध्ये जाऊन उभी रहा. लाकडाचं, लोखंडाचं, कुंभाराचं, कुठलंही. उभी राहून काय होतं विचारशील. मी त्या बस्तरच्या माणसाजवळ तीन दिवस बसलो, मला ओतकाम आलं नाही. पण धातू कुठे थिजतो ते कळलं. त्याने सांगितलं म्हणून कळलं, आणि मी विचारलं म्हणून त्याने सांगितलं.

दिवाळीला येशील ना? तुझा ड्रॉइंगचा जुना बोर्ड मी रंधा मारून सपाट केलाय, एका कोपऱ्यात वाळवीने खाल्लं होतं तेवढं काढलं. तुझा काटकोन बघायचा गुण्याही सापडला, आजोबांनी दिलेला, पितळी पट्टीचा. तेल लावून ठेवलाय.

आणि ती माळ्यावरची खुर्ची काल खाली काढली. पोतं झटकलं तर त्यात उंदराचं घर निघालं, तुझ्या आईने मला दोन तास ऐकवलं. खुर्ची खिडकीजवळ ठेवली आहे. तुटलेला पाय सोबत आहे, मी फेकला नव्हता. तुझे आजोबा नांगर आणि छकडे करायचे तेव्हा वाकडा भाग कधी कापून काढत नसत. शिवारात हिंडून तेवढंच वाकलेलं बाभळीचं खोड शोधायचे. मग रेघ लाकडाबरोबरच वळलेली असायची. गेल्या आठवड्यात बार्शीटाकळी रोडला रस्तारुंदीत बाभळी पाडल्या. त्यातलं एक खोड मी टेम्पोत घालून आणलं. बुडाशी चांगला वाक आहे, फांदी फुटते तिथे परत उलटा वळलाय. शेडमध्ये सावलीत ठेवलंय, टोकांना शेण-माती लावून, चिरू नये म्हणून.

पायाचं चित्र तू काढ. पण पुण्यात बसून काढू नको, आधी येऊन खोड बघ. वाक किती आहे ते मी मोजलेलं नाही.

तुझा,
बाबा

ता. क. आई म्हणते, कांगेरीबद्दल एवढं लिहिलंत तर स्वेटर घाल हेही लिहा. लिहिलं.